‘आम्हाला तीच मुलगी हवी आहे’

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील काढून):

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मी ४३, नवरा ४६, दोघंही अमेरिकन नागरिक झालोय, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) आहे. मूल व्हावं म्हणून बरीच वर्षं ट्रीटमेंट घेतली, आता थांबवली. गेल्या दिवाळीत भारतात आलो तेव्हा सासऱ्यांच्या वर्षश्राद्धानिमित्त गावाजवळच्या एका अनाथाश्रमात जेवण द्यायला गेलो होतो. तिथे चारेक वर्षांची एक मुलगी माझ्या मांडीत येऊन बसली आणि निघेपर्यंत तिने माझी ओढणी सोडली नाही. तेव्हापासून डोक्यात तीच आहे. इथली ॲडॉप्शन एजन्सी म्हणते मूल निवडता येत नाही, ‘कारा’त (दत्तकाचं काम बघणाऱ्या भारताच्या केंद्रीय संस्थेत) रजिस्टर करा, होम स्टडी (घराची आणि पालकांची तपासणी) करा, वाट बघा, खर्च तीस-चाळीस हजार डॉलर. आश्रमाचे ट्रस्टी म्हणतात, ‘तुम्ही फक्त मनावर घ्या, आपण करू काहीतरी’, नवीन इमारतीच्या देणगीचा विषयही निघाला. सासूबाई म्हणतात परकं कशाला, नात्यातल्या एकीला तिसरं होतंय, ते घ्या, घरच्या घरी दत्तकविधान करून टाकू. नवरा चिडलाय, म्हणतो एवढी मुलं अनाथाश्रमात पडून आहेत, आपण सगळं द्यायला तयार आहोत आणि मध्ये सरकार उभं आहे. काय करू?

*

ताई, आधी त्या मुलीबद्दल बोलूया. पत्रात फॉर्म, फी, एजन्सी, सासूबाई सगळं आहे, पण ते सगळं तिच्याभोवती फिरतंय.

एक प्रश्न विचारते, राग मानू नका. ती मुलगी अनाथ आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? पत्रात मला ते कुठेच सापडलं नाही. ती अनाथाश्रमात होती एवढंच त्यात आहे, आणि ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे ज्याला सगळे सरसकट अनाथाश्रम म्हणतात ते बऱ्याचदा बालगृह असतं किंवा वसतिगृहासारखं काहीतरी असतं, आणि तिथली कितीतरी मुलं आई असलेली, कधी आईबाप दोघंही असलेली असतात. नवऱ्याने टाकलेली बाई धुणीभांडी करते, खोलीवर लेकराला सांभाळायला कुणी नाही म्हणून तिथे ठेवते आणि सुट्टीला घेऊन जाते. कुणाचे आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात, कुणाची आई दवाखान्यात असते. अशी मुलं दत्तक देण्यासाठी तिथे नसतातच. तुमच्या मांडीत बसलेल्या पोरीची आई त्या दिवशी तीस किलोमीटरवर कुणाच्या तरी शेतात कापूस वेचत असेल, हे अगदी शक्य आहे. नसेलही. पण तुम्हाला ते माहीत नाही आणि मलाही नाही.

आणि ओढणी. हे लिहिताना मलाच जड जातंय, पण संस्थेत वाढणारी लहान मुलं येणाऱ्या पाहुण्याला अशी चिकटतात, ह्या कामातली माणसं हे रोज बघतात. ज्या मुलांना आपलं असं एक माणूस मिळालेलं नसतं ती नवीन माणसाला बिचकत नाहीत, उलट येईल त्याच्या कडेवर जातात. त्या दिवशी तिला तुम्ही आवडलात हे खरंच असेल, पण पुढच्या रविवारी कुणाचा तरी वाढदिवस साजरा करायला दुसरी फॅमिली आली असेल आणि तिची ओढणी धरली असेल, तर त्यात त्या पोरीचा काही दोष नाही आणि तुमच्या मायेचाही अपमान नाही. फक्त त्या एका दुपारवरून ‘देवानेच आमची गाठ घातली’ असं ठरवून पुढचे सगळे निर्णय घेऊ नका एवढंच म्हणतेय. (वर्षश्राद्धाला आश्रमात जेवण द्यायच्या आपल्या पद्धतीबद्दल मला एकदा वेगळं लिहायचंय. मुलांना ओळीने बसवून अनोळखी लोकांसाठी प्रार्थना म्हणायला लावायची, मग फोटो काढायचे. पैसे द्या, जेवण पाठवा, आत कशाला जायचं?)

आता ट्रस्टींकडे वळते, आणि इथे मी गोडगोड बोलणार नाहीये.

‘आपण करू काहीतरी’ आणि ‘इमारतीला देणगी’ ही दोन वाक्यं एकाच माणसाने एकाच विषयात म्हटली की तिथून उठायचं. भारतात परदेशातल्या पालकांसाठी मुलाच्या देखभालीची फी ठरलेली आहे, ५,००० डॉलर, ती फक्त सरकारमान्य विशेष दत्तक संस्थेला जाते, रीतसर पावतीने, आणि त्यावर एक रुपयाही देणगी म्हणून घेता येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ मध्ये ही प्रक्रिया टाळून मूल देण्या-घेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि पैसे घेऊन मूल देण्या-घेण्याला पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर दंड. हे तुमच्यासारख्या सज्जन माणसांनाही लागू आहे, ‘आमचा हेतू चांगला होता’ हा बचाव होत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी साधा विचार करा, जो माणूस देणगी बघून तुम्हाला मूल द्यायला तयार आहे तो त्या मुलाच्या आईला काय सांगून बसला असेल?

शिवाय आंतरराष्ट्रीय दत्तकाचा जो हेग करार आहे, १९९३ चा, भारताने तो २००३ मध्ये स्वीकारला आणि अमेरिकाही त्यात आहे, त्याचं २९ वं कलम खास तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे. मूल दत्तक द्यायला मोकळं आहे, संमत्या नीट घेतल्यात, पालक पात्र आहेत, हे सगळं ठरेपर्यंत होणारे पालक आणि मुलाला सांभाळणारी माणसं ह्यांच्यात संपर्कच नको, असं ते सांगतं (नात्यातल्या दत्तकासारखे अपवाद सोडून). म्हणजे तुम्ही ट्रस्टींना आज जे व्हॉट्सॲप करताय ना, ‘ती कशी आहे, एक फोटो पाठवा’, तेच उद्या तुमच्या फायलीत आडवं येऊ शकतं. ते मेसेज बंद करा. आजच. आणि त्या आश्रमाबद्दल मनात खरंच शंका असेल, म्हणजे मुलांना असंच परस्पर दिलं जातं असं वाटत असेल, तर त्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाला आणि बाल कल्याण समितीला ईमेल करा, किंवा गावातल्या कुणाला १०९८ ह्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. मुलीची नोंद समितीपुढे झालेली आहे का, एवढंच त्यांनी तपासलं तरी तिचं भलं होईल. ह्यातून ती तुम्हाला मिळणार नाही हे मला माहितीये. तरी करा.

तिला आई असेल आणि फक्त गरिबीमुळे ती तिथे असेल, तर आईजवळ राहता यावं म्हणून सरकारी मदत आहे, आपल्या राज्याची बालसंगोपन योजना आहे, केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून महिन्याला ४,००० रुपयांची स्पॉन्सरशिप आहे. अर्ज भरायला, कार्यालयात खेटे घालायला माणूस लागतं आणि तेच ह्या बायकांकडे नसतं. तुमच्या गावाकडे एखादी विश्वासू नातेवाईक असेल तर तिला ह्या कामाला लावा. तीच मुलगी असं नाही, कुठलीही.

आता तुमच्या मिस्टरांचा राग, ‘सरकार मध्ये उभं आहे’. तो सगळाच चुकीचा नाहीये आणि ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून मी तो उडवून लावणार नाही. आकडेच बघा. २०२४-२५ मध्ये कारामार्फत देशात-परदेशात मिळून ४,५१५ मुलं दत्तक गेली, आणि गेल्या काही वर्षांतला तो सगळ्यात मोठा आकडा म्हणून बातम्याही झाल्या. त्यातली ४,१५५ भारतातच राहिली, म्हणजे परदेशी गेलेली साडेतीनशेच्या आसपास. आणि रांगेत उभे असलेले पालक किती, तर तीस हजारांच्या वर. म्हणजे ‘एवढी मुलं पडून आहेत आणि घ्यायला कुणी नाही’ हे चित्र मुळातच उलटं आहे, निदान लहान आणि धडधाकट मुलांच्या बाबतीत तरी. पडून असलेली मुलं आहेत, हो, पण त्यातली बरीचशी कागदावर मोकळी झालेली नसतात. कुणीतरी दूरचा काका वर्षातून एकदा भेटायला येतो म्हणून, किंवा समितीवर सदस्यच नेमलेले नसतात म्हणून, किंवा पोलिसांचा अहवाल आलेला नसतो म्हणून. कायदा म्हणतो की टाकून दिलेलं मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिन्यांत आणि मोठं असेल तर चार महिन्यांत समितीने ठरवावं, आणि प्रत्यक्षात मुलं तिथेच मोठी होतात. ह्या दिरंगाईवर चिडायलाच हवं. माझाही संताप होतो.

पण ‘सगळी कागदपत्रं म्हणजे अडथळा’ असं एकदा मनात बसलं की कुठला कागद फालतू आणि कुठला मुलाच्या जिवाचा हे कळेनासं होतं. हे नियम आले कुठून बघा. १९८० च्या आसपास भारतातून मुलं परदेशी जायची तेव्हा आजच्यासारखा कायदा नव्हता, परदेशी माणूस मुलाचा पालक म्हणून कोर्टातून नेमला जायचा आणि मूल घेऊन जायचा. मग लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानलं गेलं, आणि १९८४ च्या निकालात न्या. भगवतींनी पहिल्यांदा नियम घालून दिले. त्यातूनच पुढे १९९० मध्ये कारा आली. त्या काळातल्या मुलांचं काय झालं हेही आता बाहेर येतंय. स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिक आणि थुरगाउ ह्या दोन कँटनांनी (प्रांतांनी) अभ्यास करून घेतला, १९७३ ते २००२ मध्ये भारतातून तिथे २५६ मुलं गेली होती, आणि तपासलेल्या फायलींपैकी एकाही फायलीत जन्मदात्या आईची संमती सापडली नाही. एकाही नाही. ती मुलं आज मोठी झाली आहेत, काही तर पन्नाशीला आली आहेत, आणि त्यातले काही जण भारतात येऊन जुनी रजिस्टरं उलटतायत, आपल्याला आईने दिलं होतं की कुणी तिच्याकडून काढून घेतलं होतं एवढं एकच कळावं म्हणून.

मला तुम्हाला खरं तर एवढंच सांगायचंय. ज्या फायलीचा तुम्हाला वीट आलाय ती फाईल तुमच्यासाठी बनतच नाहीये, ती तुमच्या लेकीसाठी बनतेय. अठरा वर्षांची झाल्यावर ती विचारेल, ‘मला कुणी दिलं, माझ्या आईला विचारलं होतं का?’, तेव्हा तुमच्या हातात दाखवायला काहीतरी असलं पाहिजे. मूल सोपवणाऱ्या आईला निर्णय फिरवायला दोन महिने मिळतात, हा नियम बाहेरून बघताना ‘अजून दोन महिने उशीर’ असा दिसतो. त्या आईच्या बाजूने वाचून बघा.

सासूबाईंचा मार्ग. त्यांना दुखवू नका, त्यांच्या पिढीत असंच व्हायचं, दिराचं मूल वहिनीने वाढवलं, बहिणीचं बहिणीने. पण तुम्ही अमेरिकन नागरिक आहात आणि मूल अमेरिकेत न्यायचंय. हिंदू दत्तक कायद्याखाली सब-रजिस्ट्रारकडे दत्तकपत्र नोंदवलं, होमहवन केला, पेढे वाटले, तरी त्याने बाळाला व्हिसा मिळत नाही. २०२१ पासून ह्या कायद्याखाली परदेशी जाणाऱ्या मुलांच्या केसेसही कारामार्फतच न्याव्या लागतात, एनओसी घ्यावी लागते. आणि अमेरिकेच्या बाजूचा क्रम तर फारच कडक आहे. आधी आय-८००ए म्हणजे तुम्ही पालक म्हणून पात्र आहात ही मंजुरी, मग ठरावीक मुलासाठी आय-८०० ची प्राथमिक मंजुरी, आणि त्यानंतरच दत्तकविधान. आधी दत्तक घेऊन मग फॉर्म भरायला गेलात तर तो मार्ग बंद होऊ शकतो, आणि मग मूल कायद्याने तुमचं, पण राहणार सांगलीला आजीकडे आणि तुम्ही व्हिडिओ कॉलवर, अशी विचित्र अवस्था. ह्यात अडकलेली कुटुंबं आहेत. शिवाय त्या नात्यातल्या मुलीला स्वतःला काय हवंय हे पत्रात कुठेच नाहीये. अजून जन्माला न आलेल्या बाळाची बोलणी सासर-माहेरात होतायत, तिला कुणी बाजूला घेऊन विचारलंय का?

(इथेच भारतीय पासपोर्टवाल्या वाचकांसाठी एक मोठी सूचना, कारण ह्या विषयावर एच-वन-बी आणि ग्रीन कार्डवाल्यांची पत्रंही येतात. आय-८००ए भरायला नवरा-बायकोपैकी निदान एक जण अमेरिकन नागरिक लागतो. तुम्ही एनआरआय म्हणून भारतात रांगेत भारतीयांच्या बरोबरीने असाल, पण अमेरिकेच्या दृष्टीने दत्तक मुलाला तुमच्यावर अवलंबून असलेला व्हिसा मिळायला साधारणपणे दोन वर्षं कायदेशीर ताबा आणि दोन वर्षं एकत्र राहणं दाखवावं लागतं. म्हणजे दोघांपैकी कुणीतरी भारतात येऊन राहायचं. ते जमणार आहे का हे आधी इमिग्रेशन वकिलाशी बसून ठरवा, नंतर कळलं तर फार महागात पडतं.)

बरं, मग सरळ रस्त्याने गेलात तर तुमच्या वाट्याला काय येईल? इथे तुमचं गणित मांडते. कारामध्ये जोडप्याच्या वयांची बेरीज बघतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी बेरीज ८५ च्या आत हवी, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १००, त्यापुढे ११०. तुमची आज ८९ होते. म्हणजे तान्हं बाळ आत्ताच संपलं, आणि दोघांचे पुढचे वाढदिवस झाले की दोन-ते-चारचं दारही बंद, कारण बेरीज वर्षाला दोनने वाढते हे आपण विसरतो. त्यात मूल मोकळं झाल्यावर पहिले साधारण ६० दिवस ते भारतात राहणाऱ्यांना आणि एनआरआय पालकांना दाखवलं जातं, तुम्ही ओसीआय, तुमचा नंबर त्यानंतर, परदेशी लोकांच्या आधी. मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं ह्यांच्यासाठी परदेशाचं दार लवकर उघडतं. तेव्हा साध्या भाषेत, तुमच्यापर्यंत पोचणारं मूल बहुतेक पाच-सात वर्षांचं असेल, किंवा दोन भावंडं असतील, किंवा काहीतरी मेडिकल हिस्टरी असेल.

हे वाचून पोटात गोळा आला असेल तर तो येऊ द्या, पण लगेच नाही म्हणू नका. ‘विशेष गरजा’ ह्या शिक्क्याखाली खूप काही येतं, ऑपरेशनने बरा होणारा फाटलेला ओठ किंवा हृदयातलं छिद्रही येतं आणि आयुष्यभर सोबत राहणारी गोष्टही येते. भारतात ऑपरेशन आणि पैशाच्या भीतीने ज्याला चार घरांनी नाही म्हटलं त्या पोराचं तुमच्याकडच्या चांगल्या इन्शुरन्समध्ये सगळं होऊन जातं असं घडतं. पण ‘आपण अमेरिकेत आहोत, तिथे सगळं बरं होतं’ ह्या समजुतीवरही होकार देऊ नका. मुलाचा मेडिकल रिपोर्ट आला की तो आंतरराष्ट्रीय दत्तकाचा अनुभव असलेल्या बालरोगतज्ज्ञाला वाचायला द्या, त्यात ‘वाढ थोडी मागे’ असं एका ओळीत लिहिलेलं असतं आणि त्या एका ओळीत बरंच काही दडलेलं असू शकतं. डोक्याचा घेर, वजनाची जुनी नोंद, व्हिडिओ, जे मागता येईल ते एजन्सीमार्फत मागा. रिपोर्ट आल्यावर होकार-नकार कळवायला वेळ फार थोडा, दिवसांतच मोजण्याइतका मिळतो, म्हणून तो डॉक्टर आधीच शोधून ठेवा.

आणि हो, नाही म्हणता येतं. ह्यावर कुणी बोलत नाही. एखाद्या मुलाचा रिपोर्ट वाचून तुम्हाला प्रामाणिकपणे वाटलं की आपल्याच्याने हे होणार नाही, तर नाही म्हणा. कीव येऊन घेतलेलं मूल आणि मग तीन महिन्यांत ‘जमत नाहीये’ म्हणून परत केलेलं मूल, हे घडतं, आणि त्या मुलाला दुसऱ्यांदा टाकलं जातं. पत्रात तुम्ही दोनदा ‘एका जिवाचं कल्याण होईल’ असं लिहिलंय. ते वाक्य होम स्टडीवाल्या बाईसमोर बोलून बघा, ती लगेच वहीत काहीतरी लिहील. उपकार म्हणून आणलेल्या मुलाला आयुष्यभर आभार मानत राहावं लागतं, आणि चौदाव्या वर्षी दार आपटून खोलीत जाणारी पोर आभार मानत नसते. तुम्हाला आई व्हायचंय, तेवढं कारण पुरतं.

दुसरं म्हणजे, मूल मराठीच असेल हे धरून चालू नका. कारामधून येणारं मूल ओडिशातलं असू शकतं, झारखंडचं, तामिळनाडूचं. सहा वर्षांची पोर उडिया बोलणारी आली तर तुमचं ‘बाळा जेवायला ये’ तिला पहिले काही महिने कळणार नाही आणि इंग्लिश तर नाहीच. अशा वेळी तिथल्या ताईंनी दिलेल्या आठ-दहा शब्दांची यादी, ती झोपताना कुठलं गाणं ऐकते, भात कसा कालवून खाते, एवढी माहिती सोन्यासारखी असते. ताब्यात घ्यायला जाल तेव्हा घाईत परत फिरू नका, तिथे थांबून हे सगळं विचारून घ्या. ज्या मावशीने तिला तीन वर्षं आंघोळ घातली तिच्यापासून आपण तिला तोडतोय हेही लक्षात असू द्या, पहिल्या रात्री ती रडेल ती त्या मावशीसाठी. तुम्हाला नाकारतेय असं नाही.

आता कामाचं. एजन्सी हेग-मान्यताप्राप्त आहे आणि कारानेही तिला मान्यता दिलेली आहे, ही दोन्ही कागदं डोळ्याने बघा, वेबसाइटवरच्या हसऱ्या मुलांच्या फोटोंवर जाऊ नका. फीचं पत्रक लेखी घ्या, कुठल्या टप्प्यावर किती आणि मूल मिळालं नाही तर कुठले पैसे परत. होम स्टडीसाठी अठरा वर्षांनंतर जिथे जिथे राहिलात तिथल्या रेकॉर्डची तपासणी लागते, म्हणजे पुण्यात नोकरी केलेली वर्षंही त्यात येतात. ते कागद भारतातून यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. आय-८००ए ची मंजुरी १५ महिनेच चालते, पुढे वाढवता येते पण आपोआप वाढत नाही, तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा, नाहीतर मूल समोर येतं आणि बोटांचे ठसे एक्स्पायर झालेले असतात. पुढे काराची एनओसी, मग दत्तकाचा आदेश, जो २०२२ च्या सप्टेंबरपासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, मग हेग करारानुसार झाल्याचा दाखला, मुलाचा भारतीय पासपोर्ट, आणि दिल्लीच्या अमेरिकन दूतावासातून व्हिसा. मुंबईत नाही, दिल्लीतच, तेव्हा मुंबईहून परतीचं तिकीट आधीच काढून बसू नका. आयएच-३ (हेग करारानुसार भारतातच दत्तक पूर्ण झालेल्या मुलाच्या) व्हिसावर आलेलं मूल अमेरिकेत पाऊल ठेवलं की नागरिक होतं. तरी नागरिकत्वाचं सर्टिफिकेट घरी आलंय ना, ह्याची खात्री करा आणि ते लॉकरमध्ये ठेवा. त्यानंतर दोन वर्षं भारताला रिपोर्ट जातात, पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहा-सहा महिन्यांनी. लोक हे रिपोर्ट टाळतात, कंटाळा करतात. टाळू नका, कारण तुम्ही पाठवले नाहीत तर त्याचा त्रास तुमच्या एजन्सीच्या यादीतल्या पुढच्या जोडप्याला होतो.

हे सगळं करून मूल मिळेलच का, तर तशी गॅरंटी कुणी देणार नाही. जगभर हे दार बारीक होत चाललंय, ग्वाटेमाला २००८ मध्ये बंद झालं, इथिओपियाने २०१८ मध्ये थांबवलं, चीनने २०२४ मध्ये, नेदरलँड्स तर बाहेरून मुलं आणणं टप्प्याटप्प्याने बंदच करतंय. भारताचं दार उघडं आहे, पण भारताला आधी आपल्या मुलांना भारतातच घर मिळावं असं वाटतं आणि मला ते बरोबर वाटतं, तुमच्या बाजूने बसूनसुद्धा. थांबण्याची तारीख आधीच ठरवा, म्हणजे अमुक वर्षापर्यंत नाही झालं तर आपण फॉस्टर केअरचा विचार करू, किंवा दोघंच सुखात राहू. न्यू जर्सीतही घर नसलेली मुलं आहेत. ती भारतीय दिसणार नाहीत, आणि तुम्हाला ते चालेल की नाही हे प्रामाणिकपणे बोला, चालत नसेल तर त्याची लाज वाटून घेऊ नका. फक्त ते माहीत असू द्या.

ह्या शनिवारी एक करा. दोघांनी वेगवेगळ्या खोलीत बसून कागदावर लिहा, मुलाचं वय कुठपर्यंत चालेल, भावंडं चालतील का, कुठला आजार चालेल आणि कुठला नाही, आणि तीस-चाळीस हजार डॉलर गेले आणि मूल आलं नाही तर आपण एकमेकांना काय म्हणू. मग कागद अदलाबदल करा. ह्या प्रश्नांवर पत्रात फक्त तुमचं आहे. मिस्टरांचा राग कळला, त्यांचं उत्तर काय आहे ते मला पत्रात कुठे दिसलं नाही, आणि होम स्टडीची बाई त्यांना ते पहिल्याच भेटीत विचारणार आहे.